पाय धुवा, मग आत या

१

माझ्या दारात निळी बादली असते आणि तिच्या वर, भिंतीवर, मी स्वतः रंगवलेली पाटी. पाय धुवा, मग आत या. पाहुणा पॅरिसचा असो नाहीतर न्यूयॉर्कचा, बादलीत पाय बुडवल्याशिवाय माझा उंबरा ओलांडायचा नाही. शेजारची ओडील कुंपणापलीकडून ओरडते, "क्लोटिल्ड, तुझ्याकडे लोक सुट्टीला येतात की शाळेला?" ओरडू दे. तिची पावाची भट्टी आहे, ती दिवसभर राखेत बसते. तिला काय कळणार!

आमच्या या ज्वालामुखीच्या बेटाची वाळू काळी आहे. मोहरीहून बारीक आणि महाचिकट. चादरीत शिरली की तीन धुण्यांत निघत नाही. एकवीस वर्षं मी हे तीन खोल्यांचं पाहुणेघर चालवते आहे, आणि एकवीस वर्षं रोज दुपारी चार वाजता त्या बादलीचं पाणी काळं झालेलं बघते आहे. बादलीच्या तळाला जळका डाग आहे, ओडीलनेच एकदा पेटता निखारा टाकला होता. चारनंतर तो डाग कधी दिसत नाही.

पाहुणे येतात ते आन्स मारीच्या किनाऱ्यासाठी. तिन्ही बाजूंना कडे, चौथीकडे समुद्र. रस्ता नाही, दुकान नाही, साधी खुर्ची नाही. पाण्याखालून गरम बुडबुडे येतात, पोहणाऱ्याच्या पोटाला गुदगुल्या करतात म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी तिथे कधी गेलेली नाही. माझा धाकटा भाऊ अल्विन सकाळी पाहुण्यांना होडीतून नेतो आणि दुपारी आणतो. परतताना टोकाच्या खडकाशी आला की तो तीनदा शंख फुंकतो. मी दारातल्या खिळ्यावरचा माझा शंख काढून उत्तर देते, दोन तुटक आणि एक लांब, आणि मासा तव्यावर टाकते.

उत्तर द्यायचंच असतं. आमच्याकडे समुद्रावरून आलेला शंख कुणी बिनउत्तराचा ठेवत नाही, भांडण असलं तरी नाही. आमच्या बाबांच्या शंखाला उत्तर मिळालं नव्हतं. कार्निव्हलचा दिवस होता, गावात ढोल वाजत होते, आणि आन्स मारीच्या तोंडाशी उलटलेल्या होडीला धरून ते अर्धा दिवस फुंकत राहिले. आई आधीच गेलेली. मी बावीस वर्षांची होते, अल्विन सहा. मी लग्न केलं नाही, त्याला वाढवला. त्याच्याशिवाय मला या जगात कुणी नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

त्याचा शंख ओळखायला फार कान लागत नाहीत. बारा वर्षांचा असताना मासेमारीच्या गळाने त्याचा वरचा ओठ फाडला. तेव्हापासून फुंकर बाजूने निसटते आणि प्रत्येक फुंकीच्या शेवटी फुर्रर्र असा आवाज येतो. अल्विनचा शंख शिंकतो, असं सगळं गाव म्हणतं.

२

त्या मंगळवारी अल्विन उल्रिक आणि कारिनला घेऊन गेला. डेन्मार्कचं जोडपं. नवरा मुका म्हणावा इतका गप्प, बायको बडबडी. कारिनच्या डोक्यावर सतत नारिंगी टोपी, बहुतेक झोपतानाही असावी. आदल्या दोन दिवसांत तिने माझा पलंग वाळूने भरून ठेवला होता.

"अहो बाई, अंगाला लागली ती ठीक," मी तिला म्हटलं होतं, "पण तुम्ही तर अख्खा किनारा उचलून आणलात!"

"आठवण म्हणून!" असं म्हणून ती खदखदून हसली होती. मला ती आवडली होती, उगाच खोटं कशाला बोलू.

चारला शंख वाजला. मी माशाची खवलं काढत होते. हात पुसले, उत्तर दिलं आणि अळकुड्या उकळायला ठेवल्या. कुंपणापलीकडून ओडील म्हणाली, "आज शिंक नाही आली गं त्याच्या शंखाला! शिकला की काय शेवटी?"

"छत्तिसाव्या वर्षी? वारा उलटा असेल," मी म्हटलं.

तिघं धक्क्यावरून चालत आले. अल्विन पुढे, त्याच्या मागे उल्रिक, मग कारिन. दारात एकेकाने बादलीत पाय घातले, मी पुढे केलेल्या फडक्याला पुसले आणि आत गेले. कुणी काही बोललं नाही. दमले असतील, ऊन फार होतं.

मी बादली ओतायला उचलली आणि तशीच थांबले. तळाचा जळका डाग स्पष्ट दिसत होता. पाणी सकाळी भरलं होतं तसंच नितळ होतं.

३

आता मी काही भोळी बाई नाही. मनात पाल चुकचुकली, तरी आधी डोकं चालवलं. होडीत बसण्याआधी पाय समुद्रात धुतले असतील. कारिनला माझी बोलणी लागली असतील. सगळं शक्य होतं. म्हणून मी झाडू घेतला.

त्यांची खोली झाडली, केरसुपलीत एक कण नाही. न्हाणीच्या मोरीत बोट फिरवलं, नाही. सकाळी गादी उलटून बघितली, टॉवेल झटकले, नाही. आन्स मारीला आठ तास घालवून आलेल्या माणसांच्या टॉवेलात वाळू नाही! बाई गं, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

बुधवारी कारिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी नीरफणस भाजत होते.

"किती आवाज आहेत इथे," ती म्हणाली.

"कसले आवाज? कोंबडा आहे, ओडील आहे. दोघं सारखेच."

ती हसली नाही. जाळाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तिथे काहीच नव्हतं."

"म्हणूनच तर तुम्ही आलात ना?"

"हो," ती म्हणाली. "असंच काहीतरी असेल."

गुरुवारी ती दोघं बसमध्ये बसून विमानतळाकडे गेली. तिने खिडकीतून नारिंगी टोपी हलवली. मी हात केला, आणि खरं सांगते, बस वळणाआड गेल्यावर जीव भांड्यात पडला. वाटलं, जे काय असेल ते यांच्याबरोबर गेलं.

पण अल्विन माझ्याकडेच होता. त्याने बुधवारची फेरी रद्द केली, इंजिन बिघडलंय म्हणाला. गुरुवारी लाटा मोठ्या आहेत म्हणाला. लाटा! समुद्र माझ्या ताटासारखा सपाट होता. आणि हा माणूस वादळाच्या आदल्या दिवशीसुद्धा दोन फेऱ्या मारायचा.

मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. लाज वाटली, पण घेतली. भाजी चिरता चिरता विचारलं, "अल्विन, तुला मी आयुष्यात एकदाच मारलंय. आठवतं?"

"मा पोलिनचे आंबे चोरले तेव्हा," तो लगेच म्हणाला. "मारलंस, आणि मग तूच मोरीत बसून रडलीस. मी दाराच्या फटीतून बघत होतो. तुला कधी सांगितलं नाही."

हे मलासुद्धा माहीत नव्हतं. मी कांदा चिरत होते म्हणून बरं, डोळ्यांना निमित्त मिळालं. तोच होता तो. तोच ओठावरचा व्रण, तीच मान खाजवायची सवय. मला स्वतःचीच शरम वाटली, चार दाण्यांच्या वाळूपायी मी पोटच्या पोरासारख्या भावावर संशय घेत होते.

४

शुक्रवारी चार वाजता अल्विन माझ्या टेबलाशी बसून जेवत होता. उकडलेली हिरवी केळी आणि खारवलेला मासा. मी त्याच्या समोर लिंबू कापत होते.

आन्स मारीच्या बाजूने शंख वाजला.

लांबून, कड्यावरून उतरत येणारा. पहिली फुंक, आणि शेवटी फुर्रर्र. दुसरी, फुर्रर्र. तिसरी.

लिंबू माझ्या हातातच राहिलं. समोर अल्विनचं तोंड घासाने भरलेलं. त्याचा शंख खिडकीत माझ्या डोळ्यांसमोर पडलेला. त्याने घास चावला, गिळला, पाणी प्यायला.

"कोण रे ते?" मी विचारलं.

"वारा असेल," तो म्हणाला.

"वाऱ्याला शिंक येते का रे?"

त्याने मान वर केली नाही. मी उठले, सवयीने, आणि खिळ्यावरच्या शंखाला हात घातला. तेवढ्यात तो माझ्याजवळ येऊन उभा होता. त्याचा हात माझ्या हातावर पडला. गरम होता, माणसाचाच हात.

"उत्तर देऊ नकोस, सेसे," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला अशीच हाक मारतो, सेसे, ताई.

"का देऊ नको?"

"उत्तर दिलंस की तू जाशील. तुला मी ओळखत नाही का?"

५

शनिवारी पुन्हा चारला. रविवारी चर्चमधून आल्यावर पुन्हा. तीन फुंका, तीन शिंका, मग शांतता. जणू कुणी कान देऊन थांबलंय. रविवारी तिसरी फुंक अर्ध्यात तुटली. फुंकणाऱ्याचा घसा सुकला असावा.

ओडील कुंपणाशी आली. "अल्विन एकटाच गेलाय का गं तिकडे? आणि तू उत्तर का देत नाहीस? बरं नाही का?"

म्हणजे ते माझ्या एकटीच्या कानात नव्हतं. अल्विन आत पलंगावर बसला होता, ओडीलला तो दिसत नव्हता. मी काहीतरी पुटपुटले आणि दार लावून घेतलं.

मग मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तू कोण आहेस?"

मला वाटलं चिडेल, नाहीतर हसेल. तो रडायला लागला. सहा वर्षांचा असताना रडायचा तसा, आवाज न करता, हनुवटी थरथरवत.

"मला काय विचारतेस? मी अल्विन आहे. मला सगळं आठवतं, सेसे. बाबांच्या तंबाखूचा वास आठवतो. गळ लागला तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस, ते आठवतं. मंगळवारी आम्ही वाळूवर उतरलो, तेही आठवतं. फक्त तिथून निघालो कधी, ते आठवत नाही. एकदम आपला धक्काच समोर दिसला."

"आणि आता तिथे कोण फुंकतंय?"

"मला नको विचारू."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि हात उचलत नव्हता. हा माझा भाऊ असेल तर मी कसाई आहे. आणि हा नसेल, तर माझा भाऊ सहा दिवस त्या कड्यांमध्ये अडकलाय, तीन दिवस मला हाका मारतोय आणि मी त्याचं जेवण दुसऱ्याला वाढतेय. बाबांच्या वेळी गावाला ढोलांचं निमित्त तरी होतं.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

६

सोमवारी सकाळी सातला मी धक्क्यावर गेले. बाबांची म्हणून ठेवलेली छोटी होडी, दोन वल्ही, पाण्याचा डबा, ओडीलकडचा पाव आणि माझा शंख. अल्विन मागोमाग आला. त्याने मला अडवलं नाही. वाकून दोर सोडला.

"तूही चल," मी म्हटलं.

"मी नाही येणार." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "सेसे, लवकर ये. तूच ये."

टोकाच्या खडकाशी पोचले आणि मी उत्तर दिलं. दोन तुटक, एक लांब. तीन दिवसांचं थकलेलं उत्तर. कड्यांनी ते तसंच परत पाठवलं.

आन्स मारी सुंदर आहे. पाहुणे खोटं सांगत नव्हते. पाणी हिरवं, बुडबुड्यांच्या माळा, बदामाच्या झाडांची गार सावली. मी होडी ओढून ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वाळूवर पाय ठेवला. काळी, ओली, घोट्यापर्यंत चिकटली. मला हायसं वाटलं. वाळू होती ना मग!

मग पाऊलखुणा दिसल्या. तीन माणसांच्या, अनवाणी, पाण्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा उलट. इतक्या वेळा की वाट खोल गेली होती, बांधलेल्या शेळीने खुंट्याभोवती केलेली असते तशी. एका दगडावर नारिंगी टोपी ठेवलेली होती. ती टोपी मी गुरुवारी बसच्या खिडकीत बघितली होती.

"अल्विन!"

पलीकडच्या टोकाला, खडकावर, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. निळा सदरा. तो सदरा मी सकाळीच दोरीवर वाळत घातला होता. त्याने हातातला शंख तोंडापासून खाली केला.

"सेसे," तो म्हणाला. आवाज पार चिरकला होता. "किती उशीर केलास गं!"

तो वळायला लागला. आधी खांदा वळला, मग कान दिसला, मग गालाची कड. झाडांखालीही काहीतरी हललं, दोघं उभे राहात होते. मी धावत सुटले, त्याच्याकडेच. घाबरून पळाले असं कुणी म्हणू नये. मी माझ्या भावाकडे धावले.

७

धक्का समोर होता. वल्ही माझ्या हातात होती आणि अल्विन वाकून दोर धरत होता.

"किती वाजले?" मी विचारलं.

"साडेतीन."

मी म्हटलं, छे, अर्धा तास झाला असेल फार तर. पण सावल्या खरंच लांब झाल्या होत्या. पाव फडक्यात तसाच होता. हात दुखत नव्हते. शंख मांडीवर होता.

दारात आले, पाटी वाचली, स्वतःच्याच हाताने रंगवलेली पाटी वाचून हसू आलं. मी बादलीत उजवा पाय घातला, मग डावा. घोट्यापर्यंतच्या वाळूत चालून आलेली बाई मी. नीट चोळून धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

तळाचा जळका डाग स्पष्ट दिसत होता.

मी बघत राहिले. अल्विन फडकं घेऊन उभा होता. त्याने खाली बसून माझे पाय पुसले, एकेक बोट, जसे मी त्याचे पुसायची. मान खाली होती, डोळ्यांचं पाणी माझ्या पावलांवर पडत होतं.

"मी क्लोटिल्ड आहे," मी म्हटलं. "मला सगळं आठवतं."

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

मग चार वाजले.

आन्स मारीच्या बाजूने शंख आला. तीन फुंका, तीन शिंका. आणि त्यांच्या मागोमाग दुसरा शंख. दोन तुटक, एक लांब. तीस वर्षं माझ्या दारातून जाणारी फुंक मला ओळखता येणार नाही का? माझा शंख माझ्या हातात होता, आणि ती मला हाक मारत नव्हती. ती गावाला हाक मारत होती.

कुंपणाशी ओडील आली, कोपरापर्यंत पीठ. "आता दोन दोन झाले की गं! कोण अडकलंय तिकडे?"

तिला ओरडून सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलं.

"वारा असेल," मी म्हटलं.

"वारा म्हणे! वाऱ्याला शिंका यायला लागल्या होय? तुम्हा दोघांना झालंय तरी काय?" ती एप्रनला हात पुसत तरातरा आत गेली. ओडील माझ्याहून कडक. तिने जन्मात एक शंख बिनउत्तराचा ठेवलेला नाही. तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यावरून शंख काढल्याचा आवाज मला इथवर ऐकू आला.

मी बादलीतलं नितळ पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि ओडीलसाठी ताजं भरून ठेवलं.